पत्नी म्हणून हक्क सांगत नाही

"कोणाचा दबाव नाही ना तुमच्यावर, आजी?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले.

"या कागदात काय लिहिलंय ते वकिलांनी समजावून सांगितलं?"

"व्हय."

"मयताची पत्नी म्हणून तुम्ही या जमिनीत कोणताही हक्क सांगत नाही. बरोबर?"

मी मागं वळून मुलाकडं पाहिलं. तो वर पंख्याकडं बघत होता.

"बरोबर," मी म्हणाले.

साहेब तरुण होते. आवाज मऊ होता. त्यांनी घाई केली नाही, मला बसायचं आहे का तेही विचारलं. मग पुन्हा एकदा तोच प्रश्न सोप्या शब्दांत विचारला आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मी तोंडानं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

मग सही. मी चौथी शिकलेली आहे, अंगठा देत नाही. सही करताना माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं सगळं लिहिते. त्या कागदावरही तसंच लिहिलं. मी त्याची बायको म्हणून काही मागत नाही असं वर छापलेलं, आणि खाली माझ्या नावापुढं त्याचं नाव. कुणाच्या ते लक्षात आलं नाही. आलं असेल तरी कुणी बोललं नाही. शिपायानं पुढच्या दाव्याचा पुकारा केला आणि आम्ही बाजूला झालो. भोरच्या कोर्टात आमचा वाटणीचा दावा मिटला तो असा.

माझं माहेर मार्गासनीच्या पुढं. पहिलं लग्न तिकडंच झालं होतं. तो नवरा लवकर तापानं गेला. मूलबाळ नव्हतं, सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं. भावाच्या संसारात किती दिवस राहणार? भावजय ताटात भाकरी टाकायची ती वरून टाकायची. मग भावानं घाटाच्या बाजूला, हिर्डोशीकडं, एक घर पाहिलं आणि माझा पाट लावून दिला.

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आता विधवेचं लग्न झालं तर हॉल घेतात, फोटो काढतात. तेव्हा मांडव नाही, वाजंत्री नाही, पत्रिका नाही. अंधार पडला की घराच्या मागच्या अंगाला उरकायचं. आणि सवाष्णीनं ते बघायचं नाही. बघितलं तर तिच्यावरही तीच पाळी येते म्हणत. लग्न व्हायच्या पोरींनी तर त्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही. म्हणजे माझ्या लग्नाला हजर कोण, तर वाडीतल्या म्हाताऱ्या विधवा आणि चार पुरुष.

ज्यांच्याशी पाट लागला ते मालक पायानं अधू होते. त्यांना कुणी पोरगी दिली नव्हती, धाकट्या भावाचं लग्न आधी झालं होतं. बिनलग्नाच्या माणसाला विधवा बायको करायची तर आणखी एक रीत असते. आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावतात. पहिलेपणाचा मान झाडाला. मालकांनी घरामागच्या रुईला हळद लावली, अक्षता टाकल्या, मग माझ्याकडं वळले.

त्यात एक घोळ झाला. सासूनं आणलेल्या हिरव्या बांगड्या माझ्या हातात जाईनात. माझी हाडं रुंद. दोन फुटल्या. जमलेल्या बायका सगळ्या विधवा, कुणाच्या मनगटावर काचेचा तुकडा नाही. बांगड्यांशिवाय तर पुढं जाता येईना. शेवटी सासूनं घरात हाक मारली. तिला वाटलं, धाकटी सून दारातून हात काढून बांगड्या देईल. ती सरळ बाहेरच आली.

"आगं तोंड फिरव, मेले!" सासू ओरडली.

तिनं फिरवलं नाही. माझ्यासमोर बसली, स्वतःच्या हातात एकेक ठेवून बाकीच्या उतरवल्या आणि तेलाचं बोट लावून माझ्या हातात चढवल्या. वर म्हणाली, "हात हाय का वरवंटा?" पुढचं सगळं तिनं तिथंच बसून पाहिलं. ती माझी जाऊ. मानानं धाकटी, पण घरात माझ्याआधी आलेली. वयानं आम्ही सारख्याच.

पुढं आम्ही दोघींनी एका चुलीवर रांधलं. खाचरात एका ओळीत भात लावला. भाताच्या रोपांसाठी राब भाजताना धुरानं डोळे चुरचुरायचे तेव्हा ती मला चिडवायची. "थोरली जाऊ माझी रुई. तू आपली मधली." मी म्हणायचे, "थोरलीला सांग की मग शेणाच्या पाट्या उचलायला." दीर मला वैनी म्हणायचा. ताटावर बसला की "वैनी, कालवण वाढा." माझ्या मुलाला खांद्यावर घेऊन घाटातली जत्रा त्यानंच दाखवली. हे सगळं खरं आहे आणि ते मी नाकारत नाही.

मालक गेले तेव्हा मुलगा कर्ता झाला होता. टेम्पो चालवत होता. त्यानं चुलत्याकडं वाटणी मागितली. दीर म्हणाला, बघू. पुढच्या वर्षीही बघू म्हणाला. मग सातबाऱ्यावर मालकांचं नाव कमी होऊन आमची नावं चढायला पाहिजे होती, ती त्यानं हरकत घेऊन अडवली. तेव्हा आम्ही भोरला वकील गाठला आणि दावा लावला. वादी क्रमांक एक मी, दोन मुलगा.

दावा लावला की समोरच्यानं उत्तर द्यायचं असतं, त्याला कैफियत म्हणतात. वकिलानं त्याच्या ऑफिसात बसून ती आम्हाला वाचून दाखवली. त्यात लिहिलं होतं की ही बाई मयताची लग्नाची बायको नाही, घरकामासाठी आणून ठेवलेली बाई आहे. मुलगा मयताचा, हे त्यांनी कबूल केलं होतं. न करून सांगतात कुणाला, त्याचं नाक बघितलं तरी कळतं. म्हणजे मुलगा खरा आणि आई खोटी.

मुलगा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून हे ऐकत होता. तो उठून बाहेर गेला आणि टेम्पोला टेकून उभा राहिला. घरी जाईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. तो चिडला होता चुलत्यावर, हे मला माहीत आहे. पण बोलला नाही माझ्याशी.

रेशनकार्ड दाखवलं, मतदानाचं कार्ड दाखवलं. समोरचा वकील म्हणाला, कार्डावर नाव लागतं म्हणजे लग्न झालं असं होत नाही. मला पिंजऱ्यात उभं केलं तेव्हा त्यानं विचारलं, "तुमच्याआधी मयताचं लग्न झालं होतं का?"

"व्हय."

"कोणाशी?"

"रुईशी."

"त्या कुठल्या गावच्या?"

"झाड हाय ते," मी म्हणाले.

मागं बसलेली माणसं हसली. साहेबांनी वर पाहिलं तेव्हा थांबली. घरी येताना एसटीत मला वाटत होतं, त्या झाडाला मालकांची बायको म्हणायला कुणाची हरकत नाही, आणि मला आहे.

साक्षीदार आणा, असं आमचा वकील म्हणाला. कुठून आणायचे? सासू गेली होती. वाडीतल्या त्या विधवा तेव्हाच म्हाताऱ्या होत्या, त्या तर कधीच्या गेल्या. माझा भाऊ गेला, दीर सोडला तर बाकीचे पुरुषही गेले. लग्न असं लावायचं की धडधाकट, पोरीबाळी, लेकुरवाळ्या बायकांनी कुणी बघायचं नाही, मग पुढं साक्ष द्यायला राहणार कोण? हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तेव्हा कोर्टाचं काम पडेल असंही कुणाला वाटलं नव्हतं.

मग दीर गेला. दावा थांबला नाही, त्याच्या जागी जावेचं आणि तिच्या दोन मुलांचं अशी नावं आली. नवऱ्यानं लिहून दिलेलं खरं आहे, असं तिच्या नावानं तिच्या मुलांनी कोर्टात लिहून दिलं. आमच्या वकिलाला हुरूप आला. तो म्हणाला, "आजी, आता या बाईंची उलटतपासणी मी घेणार. त्या पाटाला होत्या ना? झालं तर मग."

मी त्या तारखेची वाट बघत राहिले. मला जमीन नको होती असं मी सांगणार नाही. जमीन पाहिजेच होती, त्या खाचरांत माझी कंबर गेली आहे. पण नुसत्या जमिनीसाठी मी तारखेमागून तारखेला भोरला गेले नसते. मला साहेबांच्या तोंडून ऐकायचं होतं की ही बाई त्या माणसाची बायको होती. एकदा कोर्टानं तसं लिहिलं की दिरानं लिहिलेलं पुसलं जाणार होतं. आणि जाऊ पिंजऱ्यात उभी राहिली की खोटं बोलणार नाही, याची मला खात्री होती. आपल्या हातानं बांगड्या चढवल्यात तिनं. ती काय सांगेल?

तिच्या पोरांना याचीच भीती पडली असावी. तारीख जवळ आली तसा थोरला आमच्या घरी आला. लहानपणापासून तो मला थोरली आई म्हणतो. दाव्याच्या सगळ्या वर्षांत कोर्टाच्या दारात भेटला तरी तो तसंच म्हणायचा.

"थोरल्या आई, मिटवून टाकू," तो म्हणाला. "खालची खाचरं दादाच्या नावावर करून देतो. घराची अर्धी जागा बी."

"आन् माझं काय?"

"तुमचं काय आता? तुमाला कोन घराबाहेर काढतंय?"

"तुझ्या बापानं काढलंय. कागदावर."

"तेवढं सोडून बोला. बाप गेला. आता त्याला खोटा पाडायचा का?"

"मग म्या खोटी पडायची?"

"तुमी जित्या हाये. पडला तरी उठाल."

हे तो हसून म्हणाला. सूनबाईनं केलेला चहा प्यायला आणि गेला.

मी मुलाला म्हणाले, तारीख होऊ दे. जावेची साक्ष होऊ दे, मग काय मिटवायचं ते मिटव.

तो म्हणाला, "आई, साक्ष झाली की ते कशाला मिटवतील? हारले तर वर अपील करतील. तवर तू तरी राहशील का?"

"राहीन."

"पोरीची सोयरीक चाललीय. पावनं इचारत्यात, कोर्टात काय चाललंय तुमचं. काय सांगू? माझ्या आईचं लगीन झालं का न्हाई, त्यावरनं चाललंय म्हनून सांगू?"

नात समोरच धान्य निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. मी म्हणाले, कर तुला करायचं ते.

तडजोडीचा कागद दोन्ही वकिलांनी मिळून केला. आमच्या वकिलानं वाचून दाखवला. खाचरं मुलाला, घराची जागा मुलाला, बांध कुठून कुठवर, पाणी कुणी कधी घ्यायचं, सगळं नीट होतं. मग ते वाक्य आलं. वादी क्रमांक एक या मयताच्या पत्नी या नात्यानं कोणताही हक्क सांगत नाहीत.

"आजी, तुम्ही बायको नव्हता असं यात कुठं लिहिलेलं नाही," वकील म्हणाला. "फक्त सांगत नाही असं आहे."

"सांगत न्हाई म्हंजी? एवढी वर्सं सांगतच तर हुते."

"ते वाक्य काढलं तर ते सही करणार नाहीत."

"कोन, पोरं का तिची आई?"

"पोरं. त्यांच्या वडिलांच्या कैफियतीला बाध यायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं आहे."

मेलेल्या माणसाच्या कैफियतीला बाध यायला नको. मी जिवंत, मला बाध आला तर चालतो. वकील वाईट माणूस नव्हता. त्यानं खरं तेच सांगितलं की जमीन घरात येते आहे, वय झालं आहे, पुढं काय होईल कुणी बघितलंय. सगळे खरं तेच सांगत होते.

कोर्टात माझ्यानंतर जावेला विचारलं. तिनं पदर कपाळापर्यंत ओढला होता. तिनंही सगळ्याला व्हय म्हटलं. बाहेर आल्यावर मुलं, माझा आणि तिचे दोन, नकलेचा अर्ज द्यायला गेली. तिथून तिघं मिसळ खायला गेली. एवढ्या वर्षांत कोर्टाच्या आवारात तोंड फिरवून उभी राहणारी पोरं एका टेबलावर पाव मागत बसली. आम्ही दोघी करंजाच्या झाडाखालच्या बाकावर.

"च्या घेनार?" जावेनं विचारलं.

"तुझ्या पोरांच्या पैशाचा न्हाई घेनार."

"माझ्या कनवटीला हायेत. घे गप."

चहा आला. मी प्यायले. मग विचारलं, "येक सांग. तुला आज पिंजऱ्यात हुबं केलं असतं, तर काय बोलली असतीस?"

"कशाचं?"

"कशाचं म्हंजी? माझ्या हातात बांगड्या तू भरल्यास का न्हाई?"

"भरल्या की."

"तसं सांगितलं असतंस?"

तिनं चहावर फुंकर मारली. "न्हाई," ती म्हणाली.

"शपथ घिऊन?"

"शपथ घिऊन. म्हनले असते, म्या सवाशीन हुते. सवाशनीला पाट कोन बघू देतंय? साहेबाला बी पटलं असतं."

मला तिच्या अंगावर चहा फेकावासा वाटला. मी फेकला नाही, कारण कप टपरीवाल्याचा होता आणि माणसं बघत होती.

"मग तुझी पोरं का भ्याली? का मिटवलं त्यांनी?"

"त्यांना वाटतंय, आई खरं बोलंल. मला न्हिऊ नका कोर्टात, येवढंच म्या म्हनले, आन् गप बसले. त्यांनी काय समजायचं ते समजलं. तुझ्या पोराला खाचरं भेटली का न्हाई?"

"म्हंजी उपकार केलास माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला करू? तुझ्या पोरावर केला. त्यो माझ्या मांडीवर वाढलाय."

"आन् म्या?"

तिनं चहा संपवला, कप बाकाखाली ठेवला. मग म्हणाली, "माझी पहिली लेक कुठं हाय, सांग."

त्या वर्षी, माझा पाट लागला त्या वर्षी, तिला मेलेली मुलगी झाली होती. सासू म्हणाली, पाट बघितलास, विधवेसाठी हातातल्या बांगड्या उतरवल्यास, त्याचं हे फळ. एकदा म्हणून थांबली नाही. दळताना म्हणायची, पाण्याला जाताना म्हणायची. पुढं तिला दोन मुलगे झाले तेव्हा कुठं थांबली. मी ते ऐकत होते, तिथंच असायचे. मुलगे झाले म्हणजे ती विसरली असेल, असं मी धरून चालले होते.

"ते माझ्यामुळं न्हाई झालं," मी म्हणाले.

"मला काय कळत न्हाई व्हय? कळतंय. पर तू कवा बोललीस का म्हातारीला? तू थोरली. म्हनायचं येकदा, आत्ती, गप बसा. न्हाई म्हनलीस. चुलीपाशी बसून भाकऱ्या थापत राहिलीस. मग म्या का बोलू तुझ्यासाठी कोर्टात?"

सासूपुढं तेव्हा माझी काय किंमत होती? पाटानं आलेली, रुईच्या मागची. मी तोंड उघडलं असतं तर मलाच परत मार्गासनीला धाडलं असतं. हे तिलाही माहीत होतं. मी ते तिला सांगितलं नाही. सांगून ती काही परत कोर्टात जाणार नव्हती. दावा संपला होता.

तिचा थोरला गाडी घेऊन आला. "थोरल्या आई, चला, बसा म्होरं." माझा मुलगा आधीच मागच्या सीटवर बसला होता आणि तिच्या धाकट्याशी मोबाईलमध्ये काहीतरी बघत होता. मी म्हणाले, मी एसटीनं येते. कुणी फार आग्रह केला नाही. स्टँडवर बराच वेळ बसले. एसटी गच्च भरून आली. एका पोरीनं उठून मला जागा दिली.

नातीचं लग्न झालं. पाहुण्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. सातबाऱ्यावर मुलाचं नाव आलं, माझं नाही. मुलगा मला नीट ठेवतो, दवाखान्यात नेतो, जेवणाखाण्याची माझी तक्रार नाही. त्यानं तो कागद देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवला आहे. मी तो पुन्हा वाचला नाही. भात लावायला अजून जाते. वाकता येत नाही, बांधावर बसून रोपांच्या जुड्या सोडवून देते.

मी आणि जाऊ त्यानंतर बोलत होतो. मीठ संपलं तर मागायचं, कोंबडी आमच्या अंगणात आली तर हाकलायची, एवढं. बाकीचं बोलणं बाकावर झालं ते झालं.

गेल्या थंडीत जाऊ गेली. मी अंगणात ऊन खात बसले होते. तिच्या घरातून रडणं ऐकू आलं आणि मग एका बाईनं मोठ्यानं विचारलं, "थोरली जाऊ कुठं हाय? बोलवा की तिला, पानी घालायला." मी गेले. पाणी घातलं. तिच्या थोरल्यानं माझ्या पाया पडून रडून घेतलं.

माझा पाट लागताना तिथं जी माणसं होती त्यांच्यातलं शेवटचं माणूस ती होती. मालक गेले, सासू गेली, दीर गेला, माझा भाऊ गेला, त्या सगळ्या बायका आणि ते पुरुष गेले, आता जाऊ गेली. त्यांच्यातली मी तेवढी जिवंत आहे.